स्वमग्न मुलं, त्यांचे आईवडील आणि दोन दिवसांची सुट्टी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प रॉयल नावाची एक जागा आहे. ती चालवणारी संस्था १९७० मध्ये ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या पालकांनीच उभी केली. उन्हाळ्यात तिथे मुलांची शिबिरं भरतात आणि इतर वेळी शनिवार-रविवारचे मुक्काम असतात. कधी मुलं एकटी येतात आणि आईवडिलांना घरी दोन रात्री सलग झोप मिळते. कधी सगळं कुटुंबच येतं. अशा ठिकाणी मूल हात फडफडवत बसलं, जेवताना कान झाकून किंचाळलं किंवा वरणभाताऐवजी चार दिवस एकच बिस्किट खात राहिलं (तिकडे वरणभात नसतो, पण तुम्हाला समजलं असेल) तरी कोणी वळून बघत नाही, कारण शेजारच्या टेबलावरही तेच चाललेलं असतं.

सहकुटुंब दोन दिवस कुठेतरी जाऊन येणं, त्यात काय विशेष? पण ज्या काळात ऑटिझमचं पहिलं वर्णन झालं, त्या काळातल्या एखाद्या नामांकित डॉक्टरला ही कल्पना सांगितली असती, तर त्याने ती पार उलटी करून दिली असती: मुलाला जरूर पाठवा, पण आईवडिलांशिवाय. आणि दोन दिवस नव्हे, काही वर्षं. आज मी त्या उलट्या काळाबद्दल लिहिणार आहे. हा आमच्याच पेशाचा इतिहास आहे आणि तो फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही. तरीही स्वमग्न मुलांच्या पालकांना तो माहीत असावा असं मला वाटतं. "लहानपणी तू त्याच्याशी बोलली नाहीस म्हणून असं झालं" हे वाक्य आजही मराठी घरांत सुनेला ऐकावं लागतं. ते कुठल्या तरी आत्याबाईंच्या डोक्यातून आलं असं आपल्याला वाटतं. खरं तर एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञ ते पुस्तकांत लिहीत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलाला घरापासून तोडणं हा अनेक आजारांवरचा मान्य उपाय होता. क्षयरोगावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आलं. त्यामुळे क्षयाच्या घरातली, आजारी नसलेली पण अशक्त मुलं 'प्रिव्हेंटोरियम' नावाच्या संस्थांत ठेवत. तिथे मोकळी हवा, ठरलेलं जेवण, ठरलेली झोप आणि भेटीच्या कडक वेळा असत. संसर्गाच्या दृष्टीने त्यात काही तर्क तरी होता. दम्याचं त्याहून नवल. न्यूयॉर्कचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ मरे पेश्किन यांच्या लक्षात आलं की काही मुलांचा हट्टी दमा घर सोडल्यावर बरा होतो. या उपायाला नाव मिळालं 'पॅरेंटेक्टमी'. अपेंडिक्स कापून काढण्याला आम्ही अपेंडेक्टमी म्हणतो, तसे हे पालक कापून काढणं! घर सुटलं तेव्हा घरातली धूळ, मांजर आणि भिंतीवरची बुरशीही सुटली होती, हे आज आपल्याला लगेच सुचतं.

साध्या रुग्णालयांतही वेगळं काही नव्हतं. इंग्लंडमध्ये दाखल झालेल्या लहान मुलाला आईने रोज भेटणं कित्येक ठिकाणी मंजूर नव्हतं. आई निघून गेल्यावर मूल रडतं, त्यापेक्षा तिने येऊच नये, असा हिशोब होता. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट काढला आणि १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने पालकांना मुलाजवळ मुक्तपणे येऊ द्या असं सुचवलं, तेव्हा कुठे दारं हळूहळू उघडू लागली.

आता डोनाल्डकडे येऊ.

१९३३ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म झाला. वडील वकील होते. मूल दिसायला छान, स्मरणशक्ती अफाट, आकड्यांचं वेड. हाताला लागेल ती वस्तू भोवऱ्यासारखी फिरवत बसायचं. पण कोणी खोलीत आलं-गेलं याची त्याला फिकीर नसे, आणि रोजच्या क्रमात जरा बदल झाला की आकांत. १९३७ मध्ये, चार वर्षं पुरी व्हायच्या आतच, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला प्रिव्हेंटोरियममध्ये ठेवलं गेलं. क्षयाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आईवडिलांनी महिन्यातून दोनदाच यायचं. तिथे मूल खंगलं, एका जागी निश्चल बसून राहू लागलं. वर्षभराने आईवडील त्याला परत न्यायला गेले, तेव्हा संस्थेच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं की आता त्याचं बरं चाललंय, त्याला त्रास देऊ नका. त्यांनी ऐकलं नाही. मुलाला गाडीत घालून घरी आणलं.

त्यानंतर वडिलांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना मुलाची माहिती टाइप करून पाठवली: ३३ पानं! काय खातो, काय म्हणतो, कशाला घाबरतो, सगळं. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनरनी डोनाल्डला पाहिलं. पुढे तशीच आणखी मुलं त्यांच्याकडे आली आणि १९४३ मध्ये त्यांनी ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात ८ मुलगे, ३ मुली, आणि पहिला रुग्ण 'डोनाल्ड टी.'. ऑटिझम हा शब्द कॅनरचा नव्हे. स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलर यांनी तो तीसेक वर्षं आधी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला होता. पण आज आपण ज्याला बालपणातला ऑटिझम म्हणतो, त्याचं वैद्यकातलं गाजलेलं वर्णन इथून सुरू झालं. आणि त्या वर्णनाचा बराचसा भाग एका बापाच्या पत्रातून आलेला आहे.

असं असूनही त्याच निबंधाच्या शेवटी कॅनर दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहिले. ही अवस्था जन्मजात दिसते असं त्यांनी लिहिलं, आणि या मुलांच्या आईवडिलांत खरी माया असलेले फार थोडे दिसतात अशी नोंदही केली. पुढच्या काही वर्षांत हा दुसरा दगड भारी ठरला. १९४९ च्या लेखात त्यांनी ही मुलं जणू फ्रीजमध्ये ठेवलेली आहेत अशी उपमा वापरली, आणि तिथूनच 'रेफ्रिजरेटर मदर' ही शिवी रूढ झाली. मुलाला ऑटिझम आहे, कारण आई थंड आहे! ती आई थकून, बावरून, चार डॉक्टरांकडून हाकलली जाऊन कॅनरसमोर गप्प बसली असेल, तर ती 'थंड' दिसणारच, हे कोणाला सुचलं नाही. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल वैद्यकात नेहमी होते. इथे तिची किंमत आयांनी मोजली.

या विचाराला टोकाला नेलं शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी. ते मूळचे व्हिएन्नाचे. १९३८-३९ मध्ये नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांत राहिलेले. त्यांची डॉक्टरेट वैद्यकातली नव्हती, तत्त्वज्ञानातली होती. १९४४ ते १९७३ या काळात त्यांनी शिकागो विद्यापीठाची निवासी शाळा चालवली. छावणीतला कैदी जसा जगापासून मिटून जातो, तसं मूल आईवडिलांपासून मिटून जातं, अशी त्यांची मांडणी होती. मूल नसतं तर बरं, ही आईबापांच्या मनातली इच्छा हेच ऑटिझमचं निमित्त, असं त्यांनी १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' म्हणजे 'रिकामा किल्ला' या पुस्तकात लिहिलं. मग उपचार ठरलेलाच: मुलाला घरातून काढा, शाळेत ठेवा, आईवडिलांना लांब ठेवा. दम्यासाठी निघालेला 'पॅरेंटेक्टमी' हा शब्द इथेही लागू झाला. पुस्तक खूप खपलं. बेटेलहाइम उत्तम लेखक होते आणि टीव्हीवर छान बोलत. (तुमच्या फोनवर रोज आरोग्यसल्ला देणारे काही चेहरे आठवले, तर त्याला मी जबाबदार नाही.)

योगायोग बघा, त्याच १९६७ मध्ये क्लारा क्लेबोर्न पार्क या आईचं पुस्तक आलं: 'द सीज', म्हणजे 'वेढा'. मुलीच्या पहिल्या आठ वर्षांचं ते वर्णन आहे. एकाच वर्षी किल्ल्याच्या प्रतिमेवरची दोन पुस्तकं. एकात किल्ला रिकामा आणि पालक शत्रू. दुसऱ्यात आई बाहेर तळ ठोकून बसली आहे, आत शिरायची वाट शोधते आहे. आज ऑटिझम समजून घ्यायला मी कोणालाही यातलं दुसरंच वाचायला सांगेन.

पण पालकांनी नुसती पुस्तकं लिहिली नाहीत. अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलँड यांच्या मुलाला, मार्कला, ऑटिझम होता. मिळेल तो संशोधन-निबंध वाचून १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं: आईच्या वागण्याने ऑटिझम होतो याला कसलाही पुरावा नाही, हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे. प्रस्तावना कोणाची? खुद्द कॅनर यांची. पुस्तकाच्या शेवटी मुलाच्या लक्षणांची एक प्रश्नावली होती. ती भरून पालक रिमलँडना पाठवू लागले आणि पत्त्यांचा ढीग जमला. त्या ओळखींतून १९६५ मध्ये अमेरिकेतली पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये तर १९६२ मध्येच काही पालक एकत्र आले होते. त्यांत लॉर्ना विंग होत्या: स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. या संघटनेने १९६५ मध्ये ईलिंगला शाळा काढली. सिबिल एल्गर या शिक्षिकेने ती चालवली. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या मुलांना दिवसभर शिकवता येतं, हे तिथे दिसलं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या पालक संघटनेच्या परिषदेत कॅनर स्वतः उभे राहिले आणि समोर बसलेल्या आईवडिलांना त्यांनी जाहीरपणे निर्दोष ठरवलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र हा प्रसंग वाचताना दर वेळी वाटतं, की आरोप मुळात ज्यांनी केला त्यांनीच निकाल द्यावा आणि आरोपींनी टाळ्या वाजवाव्यात, हे किती विचित्र!

शास्त्रीय पुरावा १९७७ मध्ये आला. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमध्ये २१ जुळ्या जोड्या अभ्यासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत असं एकदाही दिसलं नाही. दोन्ही प्रकारांत आई तीच, घर तेच. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती: ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा आहे. त्याआधीच, १९७२ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी टीच नावाचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला होता. शॉप्लर हे शिकागोत शिकलेले. बेटेलहाइमची शिकवण त्यांनी जवळून पाहिली आणि ते बरोबर उलट्या दिशेला गेले. पालक हेच सहउपचारक, मुलाला सर्वांत जास्त तेच ओळखतात, हा कार्यक्रमाचा पाया होता. कॅम्प रॉयल याच राज्यात आहे, हा निव्वळ योगायोग नसावा.

म्हणजे १९७० च्या दशकात दोष गेला आणि मूल घरी राहिलं. चांगलंच झालं. पण घरी राहिलं म्हणजे चोवीस तास राहिलं. संस्थांची दारं बंद होत गेली, शाळेत जायचा हक्क कायद्याने मिळाला, तरी शाळा दुपारी सुटते आणि रात्र मोठी असते. बऱ्याच स्वमग्न मुलांना झोप नीट लागत नाही. भाजीचा वास, प्रेशर कुकरची शिट्टी, टी-शर्टच्या कॉलरचं लेबल, यातलं काहीही त्यांना असह्य होऊ शकतं. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची ही अतिसंवेदनशीलता (किंवा उलट, फारच कमी संवेदना) आजाराच्या अधिकृत निकषांत यायला मात्र २०१३ साल उजाडलं. पालकांनी ती डोनाल्डच्या काळापासून सांगितली होती.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. किशोर आणि प्रौढ वयाच्या स्वमग्न मुलांच्या आयांची आठ दिवस रोज माहिती घेतली आणि लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. बातम्यांत 'या आयांना युद्धावरच्या सैनिकांएवढा ताण' असं छापून आलं. नेमका अर्थ असा: ताण आला की कॉर्टिसोल वाढतं, हे आपल्याला माहीत असतं. पण ताण वर्षानुवर्षं चालू राहिला की ही यंत्रणाच मंदावते आणि कॉर्टिसोल अपेक्षेपेक्षा कमी राहतं. लढाईवर गेलेल्या सैनिकांत असा नमुना दिसलेला होता, तो या आयांतही दिसला. मी फिजिशियन आहे. मला हे रक्तदाबाच्या तपासणीत, न उतरणाऱ्या साखरेत आणि "डॉक्टर, मी कधी झोपले ते आठवत नाही" या वाक्यात भेटतं. इथे गोळीबरोबर कोणीतरी दोन दिवस मूल सांभाळायला हवं असतं.

याला इंग्रजीत रेस्पाइट म्हणतात, आपल्याकडे उसंत. अमेरिकेत १९८६ मध्ये अशा तात्पुरत्या देखभालीसाठी केंद्रीय कायदा झाला आणि २००६ मध्ये सर्व वयोगटांसाठी दुसरा. शनिवार-रविवारचे कौटुंबिक मुक्काम वाढले ते याच काळात. त्यांची रचना पाहिली की मागचा अनुभव दिसतो. २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत जवळपास निम्म्या, ४९ टक्के, स्वमग्न मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे चांगल्या शिबिरात पहिल्यांदा पाण्याची जागा आणि फाटक यांचा विचार करतात, खेळ नंतर. एका मुलामागे एक माणूस ठेवतात. दिवसाचा क्रम चित्रांत लावलेला असतो. आणि भावंडांसाठी वेगळा वेळ असतो, कारण घरातलं दुसरं मूल बहुतेक वेळा समजूतदारपणाचा मुकुट घालून कोपऱ्यात उभं असतं.

या इतिहासाला एक बाजू आणखी आहे आणि ती पालकांनाही थोडी टोचते. १९९६ मध्ये अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतर स्वमग्न प्रौढांनी 'ऑट्रीट' नावाचा स्वतःचा मुक्काम सुरू केला. स्वमग्न माणसांनी, स्वमग्न माणसांसाठी. पालकही येत, पण पाहुणे म्हणून. तिथल्या छातीवरच्या रंगीत बिल्ल्यांची कल्पना पुढे इतरत्र पसरली: लाल म्हणजे आत्ता माझ्याशी बोलू नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच बोला, हिरवा म्हणजे या, बोलू. सुट्टी आईवडिलांना मुलापासून हवी असते तशी मुलालाही 'नीट वाग' या शब्दांपासून हवी असते, हे तिथून कळलं.

आता बाजारही जागा झाला आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी सुरू झाली. न दिसणारं अपंगत्व असलेल्याने ती घातली की कर्मचारी समजून घेतात. आता ती अनेक देशांत आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहराने २०१९ मध्ये ऑटिझमसाठी प्रमाणित पहिलं शहर म्हणून नाव नोंदवलं. प्रमाणपत्राच्या पाटीवर माझा फारसा विश्वास नाही. शांत खोली आहे का आणि रात्री दार आतून पक्कं बंद होतं का, एवढं विचारा.

आणि डोनाल्ड? त्याचं गाव त्याच्या पाठीशी उभं राहिलं. तो १९५८ मध्ये पदवीधर झाला, घरच्या बँकेत काम केलं, गॉल्फ खेळला, गाडी चालवायला शिकला. आणि फिरला, एकटाच: अमेरिकेतली २८ राज्यं आणि ३६ परदेश. चित्रात पाहिलेल्या जागेचा स्वतः फोटो काढायचा, हा त्याचा छंद. प्रवास शक्यतो सहा दिवसांपेक्षा जास्त नाही. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो वारला.

आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. न्यासाच्या 'समर्थ' योजनेत उसंत-केंद्रांची तरतूद आहे, आणि 'निरामय' विम्यात एक लाखापर्यंतचा वैद्यकीय खर्च मिळतो. पण केंद्रं मोजकीच. बहुतेक घरांत उसंत म्हणजे आजी किंवा मावशी. म्हणून सहल स्वतःच आखावी लागते. मी पालकांना सांगतो ते एवढंच: पहिल्यांदा एकाच रात्रीचा बेत करा आणि सुट्टीच्या गर्दीत नको, मधल्या वारी जा. खोलीचे आणि रस्त्याचे फोटो मुलाला आठवडाभर आधीपासून दाखवा. त्याची चादर, त्याचं ताट, त्याची बिस्किटं बरोबर घ्या. कोकणात समुद्राला लागून असलेली खोली दिसायला सुंदर, पण पाण्याकडे धावणाऱ्या मुलासाठी नको. माथेरानला मोटारींचे हॉर्न नाहीत ही फार मोठी सोय. फक्त बिस्किटांचा पुडा पिशवीत झाकून ठेवा, तिथली माकडं तो हातातून नेतात. आणि दोघांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने तासभर नुसतं चालून यायचं. मग पाळी बदला.